चाळीस पावलांचा दम

मित्रांनो, मी एक जुने शिंग आहे. बैलाच्या डोक्यावरचे नव्हे, फुंकायचे. पितळेचे, दोन वळणांचे, आणि उभे धरले तर मोठ्या माणसाच्या छातीला लागणारे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहायला येणाऱ्या मुलांपैकी निम्मी मुले 'हे कुठल्या जनावराचं?' असे विचारतात आणि मला ते आवडत नाही.

माझा मुक्काम तोरण्याच्या पायथ्याशी, पासली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. पंधरा-वीस घरे, भाताची खाचरे, एक ओढा आणि देवीचे एक देऊळ, एवढीच ती वाडी. माझा जन्म मात्र पुण्यातला. एका तांबटाने पत्रा ठोकून मला घडवले. त्याचा हात चांगला होता. जोड कुठे दिला आहे ते अजून कोणाच्या बोटाला लागत नाही. भाटघरला धरणाचे काम चालू होते त्या दिवसांत, म्हणजे एकोणीसशे वीस-एकवीस साली, चिमाजी नावाचा शेतकरी मला न्यायला आला. त्याने मला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतले आणि नसरापूरवरून पायी वाडीत आणले. वाटेत त्याने मला एकदाही जमिनीवर ठेवले नाही. मुक्कामाच्या जागीसुद्धा मांडीवर घेऊन बसला.

देवीच्या जत्रेत शिंग फुंकण्याचा मान चिमाजीच्या घराकडे होता. चैत्रात जत्रा भरायची. देवळाच्या पायरीवरून पालखी उठली की चिमाजी मला तोंडाला लावायचा, आणि पालखी समोरच्या दीपमाळेला टेकेपर्यंत एकाच दमात फुंकायचा. पायरीपासून दीपमाळेपर्यंत चाळीस पावले. दम मध्येच तुटला तर पालखी मागे न्यायची आणि पुन्हा उचलायची. देवीच्या पालखीला घाई करायची नाही असाही दंडक होता. खांदेकऱ्यांनी लांब पावले टाकून अंतर कमी करू नये म्हणून गावचे पाटील आनंदराव पालखीबरोबर चालत आणि पावले मोजत. पालखी टेकली की ते मोठ्याने आकडा सांगत. आकडा चाळीस आला म्हणजे जत्रा नीट पार पडली, असे सारे धरून चालत.

चिमाजीचा दम पक्का होता. तो चाळीस पावलांनंतरही दोन-चार पावलांपुरता उरायचा आणि तो उरलेला दम तो मुद्दाम फुंकून टाकायचा. लोक हसायचे. मी तेव्हा नवा होतो आणि जत्रेच्या आदल्या दिवशी चिंच आणि राखेने घासल्यावर माझ्यात माणसांची तोंडे दिसायची. पोरे वाकून स्वतःला पाहायची. मला त्याचा गर्व होता हे मी नाकारत नाही.

एरवी मी पडवीत खुंटीला असायचो. जत्रेशिवाय मला वाजवायचे कारण एकच: डोंगराला वणवा लागला किंवा खाचरात रानडुकरे शिरली तर. अवेळी शिंग ऐकू आले की ज्याने ऐकले त्याने काठी घेऊन धावायचे, असे ठरलेले होते.

मग चिमाजीचे पुढचे दात पडले. दात नसले की ओठ घट्ट बसत नाहीत आणि वारा गालातूनच निसटतो. त्याने एकदा प्रयत्न करून पाहिला, मला फडक्याने पुसले आणि मुलाच्या हाती दिले. मुलाचे नाव सोनबा. वय तेव्हा वीस-बावीस, छाती रुंद, आणि पहिल्या जत्रेला त्याने चाळीस पावले सहज काढली. पण मित्रांनो, मला एक गोष्ट त्याच दिवशी कळली. माणसाने मला तोंड लावले की त्याच्या आतले सगळे मला कळते. सोनबाच्या श्वासाला तंबाखूचा वास होता.

तो भाटघरच्या बाजूला दोन उन्हाळे खडी फोडायला गेला होता. त्या टोळीतल्या गड्यांचा एक रिवाज होता. चिलीम पेटली की ओढणाऱ्याने सावलीत बसायचे. न ओढणाऱ्याने हातोडा चालू ठेवायचा, कारण त्याला बसायचे काही कारणच नाही. सोनबा पहिले आठ दिवस हातोडा मारत राहिला. नवव्या दिवशी तोही सावलीत जाऊन बसला. खरे तर त्याला विसावा हवा होता आणि तो मिळवायची वाट चिलमीतून होती. टोळी संपली, विसाव्याची गरज संपली, चिलीम राहिली.

पुढे ती दिवसाला बारा वेळा होऊ लागली. उठल्यावर, नांगर धरण्याआधी, सोडल्यावर, जेवल्यावर, आणि जेवण झाले नसेल तर जेवण यायला उशीर म्हणून. मला त्याचा ओलसर, कडू श्वास नकोसा व्हायचा. माझ्या फुंकायच्या टोकाशी काळा थर जमायला लागला. भागूबाई, म्हणजे सोनबाची बायको, तो काडीने खरवडून काढायची आणि कोणाला काही बोलायची नाही.

दम एकदम तुटला नाही. पहिल्यांदा चाळिसाव्या पावलाला आवाज थरथरला. पुढच्या वर्षी अडतिसाव्यालाच थरथरला. धरण भरायला लागून सहा-सात वर्षे झाली असतील, त्या वर्षीच्या जत्रेत तेविसाव्या पावलाला सोनबाला खोकला आला आणि मी गप्प झालो. पालखी मागे नेली. दुसऱ्यांदा सव्वीस पावले झाली. तिसऱ्यांदा एकोणीस. शेवटी पालखी शिंगाशिवायच दीपमाळेला गेली. चिमाजी देवळासमोरच्या पारावर बसला होता. त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळी आनंदराव पाटील आमच्या पडवीत आले. बरोबर गेनबा होता. गेनबा सोनबाचा भाऊबंद, अंगाने उंच, आणि पालखीच्या पुढच्या दांडीचा मानकरी. दोघे लहानपणापासून एकत्र वाढलेले.

पाटील म्हणाले, "सोनबा, देवीचं काम हाय. ह्या साली झालं ते झालं. फुडल्या चैताला चाळीस पावलं झाली न्हाईत तर शिंग गेनबाच्या घरी जाईल."

सोनबा म्हणाला, "व्हय."

तेवढेच बोलणे झाले. मी खुंटीवरून ऐकत होतो. माझे घर जाणार की राहणार हे आता एका माणसाच्या छातीवर ठरायचे होते, आणि ती छाती आतून कशी आहे हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सोनबाने चिलीम ओढ्यातल्या खडकावर आपटून फोडली. चंचीतला तंबाखू भागूबाईने मागून घेतला आणि कीड लागू नये म्हणून वांग्यांच्या बुडाशी पसरला. सोनबाने तिला बजावले, "भाईर कुनाला सांगायचं न्हाई. शपत मोडली तर हसत्याल."

मित्रांनो, सोडणे म्हणजे एकदा ठरवणे असे मला वाटत होते. तसे ते नसते. पहिल्या दिवशी तो नुसता गप्प होता. दुसऱ्या दिवशी डोके धरून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने विनाकारण बैलाला मारले आणि मग गोठ्यात जाऊन त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. पोट साफ होईना. झोप लागेना. जेवण झाले की त्याचा हात आपोआप कमरेच्या चंचीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नसे. भागूबाईने भाजलेले हरभरे दिले, ते त्याने दोन दिवसांत संपवले. मग आवळकाठी दिली. मग पागोट्याच्या शेवाला ओवा बांधून दिला. तलफ आली की तो गाठ सोडून चिमूटभर तोंडात टाकायचा. त्या महिन्यात त्याने खाल्लेला ओवा एखाद्या बाळंतिणीला पुरला असता.

तलफ या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. चिलीम श्वास आत मागते आणि मी बाहेर मागतो. हे सोनबालाही कळले असावे, कारण वैशाखात एका दुपारी तलफ उठल्यावर तो मला घेऊन खाचरांच्या वरच्या खडकावर गेला आणि त्याने मला जोरात, लांबलचक फुंकले. फुंकून झाल्यावर तो खाली बसला. त्याचा चेहरा सैल झाला होता. तलफ गेली होती.

एवढ्यात खालून माणसे धावत आली. कोणाच्या हातात काठ्या, कोणाच्या हातात वणवा झोडपायला तोडलेल्या ओल्या डहाळ्या. गेनबा सगळ्यांच्या पुढे होता, धापा टाकत.

"कुठं लागलीय?" त्याने विचारले.

"न्हाई लागली. शिंग तपासत हुतो," सोनबा म्हणाला.

लोक कुरकुरत परत गेले. पण तलफ काही गावाला विचारून येत नाही. त्याच आठवड्यात आणखी दोनदा शिंग वाजले आणि दोन्ही वेळा वाडी डोंगर चढून आली. तिसऱ्या खेपेस आनंदराव पाटील स्वतः आले, म्हणाले, "आवंदा लाकडागत वाळलंय रान. उद्या खरंच आग लागली आन् कुनी आलं न्हाई, तर काय करशील?" 

त्यावर भागूबाईने उपाय काढला. तिने जुन्या लुगड्याचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला. मी वीस माणसांना डोंगर चढायला लावणारे शिंग, आणि माझ्या तोंडात चिंध्या. त्यानंतर सोनबा दिवसातून पाच-सहा वेळा गोठ्यामागे जाऊन मला फुंकायचा आणि माझ्यातून दावणीतल्या म्हशीने सुस्कारा टाकावा तसा आवाज निघायचा. चिमाजीला तो ऐकून हसू आवरत नसे. मला अपमान वाटला. पण सोनबाचा श्वास हळूहळू कोरडा आणि स्वच्छ होत चालला होता, तेव्हा मी काही बोललो नाही. बोलता आलेही नसते.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. एका सकाळी सोनबा आणि भागूबाई शेतावर असताना गेनबा आमच्या पडवीत आला. चिमाजीला डुलकी लागली होती. गेनबाने मला खुंटीवरून काढले, बोळा उपसला आणि मला तोंड लावले. आवाज निघाला तो कोंबडीच्या पिलाचा. त्याने पुन्हा केले, पुन्हा तेच. मग खोकत खोकत तो जोत्यावर बसून राहिला. त्याच्या श्वासाला सोनबाच्या जुन्या श्वासाचाच वास होता. त्याने मला होते तसे खुंटीला लावले आणि निघून गेला.

आषाढात भातलावणी सुरू झाली. आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही. आज तुझ्या खाचरात सगळी वाडी, उद्या माझ्या खाचरात. याला इर्जिक म्हणतात. गेनबाच्या खाचरावर सगळे जमले असताना पाऊस लागला. गेनबाने इरल्याच्या आडोशाला मोठ्या कष्टाने चकमकीवर ठिणगी पाडली, चिलीम पेटवली आणि पहिल्यांदा सोनबापुढे धरली. सोनबाने हाताने ती मागे सारली. तोंडाने काही बोलला नाही.

मी तिथे नव्हतो. हे सगळे पुढे पडवीतच बोलले गेले, म्हणून मला ठाऊक. आणि त्यातली गोम तुम्हांला कळायला हवी. आमच्या भागात एखाद्याला वाळीत टाकायचे तर पंच एवढेच म्हणत, 'त्याची चिलीम बंद.' कोणाची चिलीम घ्यायची नाही याचा अर्थ त्याच्याशी नाते उरले नाही. पावसात पेटवलेली, पहिल्या मानाने पुढे केलेली चिलीम सोनबाने चार माणसांदेखत परत केली होती. गेनबाने मनाशी जुळवले ते असे: शिंग माझ्या घरी येणार, त्याचा राग धरून सोनबाने माझी चिलीम बंद केली.

दुसऱ्या दिवशी सोनबाच्या खाचरावर इर्जिक होती. गेनबा आला नाही. गेनबा आला नाही म्हणून पालखीचे बाकीचे तिघे खांदेकरी आले नाहीत. सोनबा, भागूबाई आणि दोन म्हातारी माणसे एवढ्यांनी ते खाचर लावले. त्याला पाच दिवस लागले आणि रोपे पिवळी पडली. 

बेंदूर आला. बैल रंगवले, मिरवले. मिरवणुकीत सोनबाचे बैल मागे एकटे चालले. संध्याकाळी तो वेल्ह्याला जाऊन आला आणि येताना त्याने मातीची नवी चिलीम आणली. इतके दिवस त्याने तलफ सोसली होती. एकटेपण त्याला सोसले नाही. तो गोठ्यामागे बसून ओढायचा आणि ओढून झाल्यावर ती चिलीम बोळ्यात गुंडाळून माझ्या तोंडात दडवायचा.

मित्रांनो, मला या गोष्टीचा राग आला आणि तो अजून आहे. एखाद्याने चोरी करून ती तुमच्याच घरात लपवावी, तसे ते होते. माझा आतला भाग पुन्हा काळा झाला. सोनबा मला फुंकायला मागे नेतो अशी भागूबाईची समजूत होती, आणि मी खुंटीला लटकून तिची फसवणूक करत होतो.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारे आणि भांडी घासतात. भागूबाईने मला जोत्यावर घेतले, चिंच लावली आणि बोळा धुवायला म्हणून ओढला. चिलीम बाहेर पडली आणि गडगडत चिमाजीच्या पायाशी गेली. सोनबा समोरच विळा परजत होता.

भागूबाईने हातातली चिंच खाली ठेवली. मग भागूबाईने विचारले, "कवापासनं?"

"बेंदरापासनं."

"दिसाकाठी किती?"

"दोन. कवा तीन."

ती म्हणाली, "आदी बारा व्हायच्या." ती रागाने बोलली नाही, तिने फक्त ते सांगितले. सोनबाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले.

चिमाजीने चिलीम उचलून हातात फिरवली. "गेनबा का येत न्हाई रं आपल्याकडं?" त्याने विचारले.

सोनबाने खाचरावरची हकिकत सांगितली. चिमाजी ऐकत राहिला.

"मग त्याला सांगितलंस का, का घेतली न्हाईस त्ये?"

"न्हाई, आबा."

"का न्हाई?"

"म्हनलं, फुडं मोडली तर हसत्याल."

"आता मोडलीच की," चिमाजी म्हणाला. "आता सांगाय काय हरकत हाय?"

 सोनबा विळा परजत राहिला. भागूबाईने हात धुतले, चिलीम पदराखाली घेतली आणि ती गेनबाच्या घराकडे गेली. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा मागून गेनबा येत होता. तो जोत्याशी उभाच राहिला.

"बसा की, भावजी," भागूबाई म्हणाली.

गेनबा बसला नाही. "चार मानसांदेकत माजी चिलीम परत केलीस, सोनबा."

"चिलीम परत केली. तुला न्हाई," सोनबा म्हणाला. "म्या सोडाय बघतोय. चैतापासनं. दम यावा म्हून. आन् बेंदराला परत धरली. बास, एवढंच हाय."

गेनबा जोत्यावर टेकला. "मला वाटलं, शिंग माज्याकडं येनार म्हून तू मला वाळीत टाकलंस. मंग म्या म्हनलं, ह्यो टाकतोय तर आपुनच त्याला टाकू."

भागूबाईला हसू आले. "ह्यांनी तुमास्नी टाकलं, तुमी ह्यांस्नी टाकलं. मंग वाडीत ऱ्हायलं कोन?"

चिमाजीही हसला. गेनबाने चिलीम मागून घेतली आणि आपल्या कमरेला खोचली. "ही माज्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आन् तलफ कवा येती सांग. सगळ्यात वाईट कवा?"

"जेवल्याव."

"मंग दुपारचं जेवून म्या हितं येत जाईन."

तो खरोखर यायला लागला. रोज दुपारी जेवून तो आमच्या पडवीत बसायचा आणि चिलमीच्या वेळेत काहीबाही बोलायचा: कोणाची गाय व्यायली, कोणाच्या बांधावर साप निघाला. त्याच्या गप्पा मोठ्याशा चांगल्या नसत. एकच साप मी चार वेळा ऐकला. पण सोनबाचा हात त्या वेळात चंचीच्या जागी जायचा राहिला. बाकीच्या खांदेकऱ्यांनाही गेनबाने सांगितले असावे. ते आता शेतावर चिलीम पेटवली की वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसत. कोणी सोनबाला हसले नाही. ज्या हसण्याला तो इतका भ्याला होता, ते कोणाला सुचलेच नाही.

तरी तलफ गेली नाही. ती येतच राहिली. फरक एवढाच की सोनबाला आता तिचे माप कळले होते. एकदा ओढ्यावर गेनबाला त्याने सांगितले, "बैल पानी पिऊन मागं वळंस्तवर ऱ्हाती. मंग जाती. तेवडं थांबाय पायजे." पुढे तलफ आली की तो खरेच बैलांना पाण्यावर घेऊन जायचा. त्या हिवाळ्यात आमचे बैल गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले. शिमग्याला, लोक नाचत असताना, त्याने कोणाच्या तरी हातची चिलीम घेतली आणि चार झुरके ओढले. सकाळी उठल्या उठल्या त्याने ते भागूबाईला आणि दुपारी गेनबाला सांगितले. गेनबा "बरं" म्हणाला आणि सापाची गोष्ट सांगू लागला.

मग चैत्र आला. भागूबाईने मला घासून लखलखीत केले. बोळा काढून टाकला. देवळासमोर सगळी वाडी जमली. सोनबा पायरीवर उभा राहिला आणि त्याने मला तोंडाला लावले. त्याचे ओठ थंड होते. पालखी उठली आणि त्याने डोळे मिटून फुंकायला सुरुवात केली.

मी तुम्हांला खरे सांगतो. त्याचा श्वास स्वच्छ होता, तंबाखूचा मागमूस नव्हता. पण नऊ-दहा वर्षे काळी झालेली छाती एका वर्षात चिमाजीची छाती होत नाही. विसाव्या पावलाला मला कळले की हा दम चाळीसपर्यंत पुरणारा नाही. पंचविसाव्याला त्याच्या पोटाचे स्नायू ओढले गेले. तिसाव्याला माझ्या आत आवाजाला पहिली चीर पडली.

पुढच्या दांडीला गेनबा होता. त्याने मान वळवली नाही. पण माझ्या आवाजाला चीर पडली आणि त्याच क्षणी त्याचे पाऊल लांब पडले. उंच माणूस तो. त्याने लांब पाऊल टाकले की मागच्या तिघांना टाकावेच लागते. ते पळाले नाहीत. पालखी हलली नाही की डुलली नाही. नुसती पावले लांब झाली. मला ज्या घरी न्यायचे ठरले होते, त्या घराचा कर्ता गेनबाच होता, हे तुम्ही विसरू नका.

सोनबाचा दम संपला तेव्हा दांडी दीपमाळेला टेकली होती. मी मोजले होते. छत्तीस पावले झाली होती.

सगळे पाटलांकडे पाहत होते. आनंदराव पालखीच्या बाजूनेच चालत आले होते, आणि त्यांचे मोजणे आजवर कधी चुकले नव्हते. त्यांनी गेनबाच्या पायांकडे पाहिले. मग पायरीवर गुडघे टेकून धापा टाकणाऱ्या सोनबाकडे पाहिले.

"चाळीस," ते म्हणाले.

पारावर चिमाजी रडत होता. बोळक्या तोंडाने, आवाज न करता.

मित्रांनो, या गोष्टीला आता दहा-बारा वर्षे झाली. पुढच्या जत्रेला सोनबाने खरी चाळीस पावले काढली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बेचाळीस. चिमाजी गेला. पाटील गेले. माझ्या वळणावर एक पोचा आला आहे आणि पितळ हिरवट झाले आहे. सोनबाची तलफ अजून कधीमधी येते, विशेषतः पावसाळी हवेत. तो उठून बैलांना पाण्यावर नेतो. छत्तीस पावलांच्या त्या जत्रेच्या रात्री जेवताना त्याने गेनबाला विचारले होते, "खरंच चाळीस झाली का रं?" आणि गेनबा भाकरी मोडत "व्हय" म्हणाला होता. सोनबाला आजही तेच खरे वाटते. तुम्ही त्याला काही सांगू नका.

माझे तुमच्याकडे दोनच गोष्टींचे मागणे आहे. एक, शिंगात चिंध्या कोंबू नका. आत कळंक चढतो. दुसरे असे की, तुमच्या घरातही कोणी आजोबा, काका, वडील काहीतरी सोडायच्या धडपडीत असतील. ते चिडतील, गप्प होतील, लपवतील आणि एखाद्या दिवशी पुन्हा धरतील. त्या दिवशी त्यांची पावले मोजत बसू नका. त्यांच्या पालखीला तुमचा खांदा असेल, तर तुमचे पाऊल थोडे लांब टाका.